उणे सात

सोसायटीच्या सभेत काकांनी उभं राहून, "तळं जिवंत आहे, आणि हे मी आकड्यानिशी सिद्ध करून दाखवीन," असं ठणकावून सांगितलं, तेव्हा त्यांच्यापाशी आकडा नव्हता आणि आकडा काढायचं यंत्रही नव्हतं. आत्मविश्वास तेवढा होता, पण तो त्यांच्यापाशी कायमच असतो. त्यांनी आत्मविश्वासानं सांगितलेल्या रस्त्यानं गेलेले दोन पाहुणे अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

तळं म्हणायला तळं. इमारतीच्या मागच्या बाजूला, चार घरं मावतील एवढी जागा, कडेला दगड, मधे हिरवट पाणी. अध्यक्षांना ते बुजवून तिथे गाड्या उभ्या करायच्या होत्या. अध्यक्षांकडे दोन गाड्या होत्या आणि जागा एकीची, त्यामुळे सार्वजनिक हिताचा विचार त्यांना सकाळ-संध्याकाळ सुचत असे. त्यांनी नगरपालिकेला अर्ज केला. नगरपालिकेचं उत्तर आलं की पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे चार मिलिग्रॅमच्या खाली असेल तर तळं मृत समजण्यात येईल आणि बुजवायला हरकत नाही. चार किंवा वर असेल तर हात लावता येणार नाही. पाणी निरीक्षक गुरुवारी अकरा वाजता येतील. कार्यालयाचं मीटर दुरुस्तीला गेलेलं असल्यामुळे मीटर सोसायटीनंच द्यावं, त्याचं कॅलिब्रेशन त्याच दिवशी झालेलं असावं आणि तसं प्रमाणपत्र साक्षीदाराच्या सहीनिशी जोडावं.

"कॅलिब्रेशन म्हणजे काय हो?" सभेत कुणीतरी विचारलं.

"यंत्राला खरं बोलायला शिकवणं," काका म्हणाले आणि बसले. या वाक्यावर ते दोन दिवस खूश होते.

काकांना बोलायचा अधिकार होता असं नाही, पण अगदीच नव्हता असंही नाही. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते एकतीस वर्षं सहायक होते. काचेची भांडी धुणं, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावणं, प्राध्यापकांच्या हातात वेळेवर वस्तू देणं हे त्यांचं काम. यंत्र जुळवायला त्यांना कधी मिळालं नाही. प्रयोग साधला की नोंदवहीत प्राध्यापकांचं नाव पडे. बिघडला की त्याच नोंदवहीत "सहायकाच्या हलगर्जीपणामुळे" असं वाक्य पडे. एकतीस वर्षांत हे वाक्य काकांनी एकशे बारा वेळा वाचलं होतं. मोजायची सवय प्रयोगशाळेतलीच.

पण खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप शास्त्रासाठी नव्हता. तसं ते लोकांना सांगत होते, इतकंच. दोन वर्षांपूर्वी काकू जिन्यावरून पडल्या. गुडघे डॉक्टरांनी बरे केले. पायऱ्यांवरचा विश्वास मात्र डॉक्टरांना परत बसवता आला नाही. तेव्हापासून तिसऱ्या मजल्यावरून काकू खाली उतरल्या नव्हत्या. मागच्या खिडकीत त्यांची खुर्ची होती आणि खिडकीसमोर तळं. बगळा किती वाजता येतो, पाणकोंबडीची पिल्लं किती, मासे कुठल्या कोपऱ्यात जमतात हे त्यांना तोंडपाठ होतं. तिथे उद्या गाड्यांची टपं दिसायला लागली तर काकूंनी दिवसभर काय बघायचं, हा विचार काकांना सोडत नव्हता. हे त्यांनी काकूंना सांगितलं नाही. काकूंना ते म्हणाले, "प्रश्न तत्त्वाचा आहे."

"बरं," काकू म्हणाल्या.

मीटर कॉलेजात होतं. कपाटात, तळाच्या खणात, काकांनीच ठेवलेलं. पण भांडारपालानं वही उघडून बघितली आणि मान हलवली. मीटर तीन वर्षांपूर्वी मोडीत निघालं होतं. नसलेली वस्तू वापरायला देता येत नाही.

"मग मोडीतली म्हणून देऊन टाका," काका म्हणाले.

"देणार कशी? ती इथे नाहीच. कागदावर गेलीय."

"अहो, ही काय समोर आहे!"

"समोर आहे हे मला दिसतंय," भांडारपाल समजुतीच्या सुरात म्हणाला, "पण मला दिसतंय हे मी लिहू कुठे?"

दीड तास चर्चा झाली. शेवटी फाटकावर दाखवायच्या पासावर "रिकामी पेटी, नग एक" असं लिहून मीटर पेटीत घालून काकांना देण्यात आलं. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं पेटी हलवून बघितली. आतून खुळखुळ आवाज आला. "रिकामी आहे," काका आत्मविश्वासानं म्हणाले, आणि पहारेकऱ्यानं सलाम केला.

मीटर हातात मावेल एवढं होतं. एका वायरच्या टोकाला पाण्यात बुडवायचा पेनाएवढा प्रोब, प्रोबच्या टोकाला सालीसारखा पातळ पडदा, मीटरच्या अंगावर फिरवायचे दोन स्क्रू. एक शून्य जुळवायचा, दुसरा वरचा आकडा जुळवायचा. पडदा वाळून तडकला होता. पेटीत नवे तीन होते. पडद्याच्या आत द्रवाचे थेंब भरून तो असा ताणून बसवायचा की आत हवेचा बुडबुडा एकही राहता कामा नये. काकांनी दोन पडदे बसवले. पहिल्यात चार बुडबुडे होते, दुसऱ्यात एकच, पण तो पहिल्या चारांएवढा. काका घामाघूम झाले आणि पडद्याच्या कारखानदारांच्या नैतिक घसरणीबद्दल बोलू लागले.

"आणा इकडे," काकू म्हणाल्या. त्यांनी चष्मा पुसला, आयुष्यभर बरण्यांच्या तोंडाला फडकी बांधलेल्या बोटांनी पडदा एका दमात ताणला, कडेचं वळं खाली सारलं आणि प्रोब उजेडात धरला. बुडबुडा नव्हता.

"हं," काका म्हणाले, "मी सैल करून ठेवला होता म्हणून सोपा गेला."

गुरुवार उजाडला. काकांची योजना चोख होती. आधी शून्य जुळवायचं: पाणी वीस मिनिटं खळखळून उकळलं की त्यातला ऑक्सिजन निघून जातो, ते झाकून न हलवता गार करायचं, त्यात प्रोब बुडवायचा आणि पहिला स्क्रू फिरवून आकडा शून्यावर आणायचा. मग वरचा आकडा: बरणीच्या तळाशी ओला स्पंज ठेवायचा, वर प्रोब टांगायचा, आणि मीटरच्या पाठीवरच्या तक्त्यात आपल्या उंचीसमोर जो आकडा असेल त्यावर दुसरा स्क्रू फिरवायचा. समुद्रापासून जितकं वर, तितकी हवा विरळ, तितका आकडा लहान. सातला सुरुवात, नऊला सगळं आटोपतं.

सातला पहिल्या मजल्यावरचे मोजणीदार आले. ते जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते, पण मोजणी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. साक्षीदार म्हणून काकांनी त्यांना बोलावलं होतं, आणि तिथेच पहिली ठेच लागली.

"उंची कुठली धरलीत?" मोजणीदारांनी विचारलं.

"गावाची. साडेपाचशे मीटर."

मोजणीदारांनी अत्यंत दयाळूपणे काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "गावाला काय एकच उंची असते? टपाल कार्यालयाच्या भिंतीत सर्वेक्षणाचा दगड आहे, त्यावर उंची कोरलीय. तिथून इथवर पातळी आणायची. मग तिसऱ्या मजल्याची उंची वेगळी. प्रमाणपत्रावर माझी सही जाणार आहे, काका. मी अंदाजावर सही केलेली नाही. लग्नाच्या नोंदणीतसुद्धा वेळ घड्याळात बघून लिहिली होती."

काकांना हे पटलं, कारण शास्त्राच्या नावानं कुणीही काहीही सांगितलं तर ते काकांना पटतं. त्यांनी पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं, वर चिठ्ठी चिकटवली, "प्रयोग चालू आहे, हात लावू नये", आणि काकूंना सांगितलं, "वीस मिनिटांनी गॅस बंद कर आणि झाकण ठेव. बाकी काही करू नकोस."

टपाल कार्यालय रस्त्यापलीकडे होतं. पातळी आणायची पद्धत अशी, की लांब पारदर्शक नळीत पाणी भरायचं आणि दोन टोकांना दोन माणसांनी उभं राहायचं. दोन्हीकडे पाणी एकाच उंचीवर येतं. मोजणीदारांकडे अशी शंभर हात नळी होती. काका टपाल कार्यालयापाशी नळीचं टोक दगडाला लावून उभे राहिले. आतून टपाल मास्तर बाहेर आले.

"भिंतीला काय लावताय?"

"नळी. पाण्याची."

"खात्याच्या भिंतीला काही लावायचं तर अर्ज लागतो."

"लावत नाही हो, नुसती टेकवतोय."

"टेकवायचा अर्ज वेगळा आहे," टपाल मास्तर म्हणाले आणि खरोखरच आतून एक कागद घेऊन आले. काकांनी एका हातानं नळी धरून दुसऱ्या हातानं अर्ज भरला. तेवढ्यात रस्त्यावरून एक सायकलवाला नळीवरून गेला आणि तिकडच्या टोकाला मोजणीदारांच्या तोंडावर कारंजं उडालं. पुन्हा नळी भरली. मग जिन्यातून वर नेली. दुसऱ्या मजल्यावरच्या विमावाल्यांनी दार उघडून, गळती कुठे आहे, असं विचारलं आणि घराच्या विम्यात गळती धरलेली नसते हेही सांगितलं. सव्वा नऊला मोजणी संपली. काकांचं स्वयंपाकघर समुद्रसपाटीपासून पाचशे एकसष्ट मीटर आणि चाळीस सेंटिमीटर उंचीवर होतं. तक्त्यात बघितलं तर आकडा सात पूर्णांक सात आला. साडेपाचशेलाही सात पूर्णांक सातच येत होता. फरक दशांशचिन्हानंतरच्या दुसऱ्या घरात होता, आणि मीटरवर तसं घरच नव्हतं.

"पण आता तो खरा सात पूर्णांक सात आहे," मोजणीदार म्हणाले. त्यांचे केस अजून ओले होते.

वर आल्यावर काकांना दोन आनंदाचे धक्के बसले. एक म्हणजे त्यांची थोरली बहीण आक्का आली होती. दुसरा म्हणजे पाणी गार झालं होतं. पातेल्यावर नीट झाकण होतं, वरून फडकं होतं, आणि हात लावून बघितला तर कोमटसुद्धा नाही. एवढ्या लवकर गार होईल असं काकांना वाटलं नव्हतं. खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याचं त्यांनी मनातल्या मनात कौतुक केलं.

प्रोब पाण्यात बुडवला. आकडा आला साडेसहा.

"शून्य यायला पाहिजे ना?" मोजणीदारांनी विचारलं.

"म्हणूनच तर जुळवायचं असतं," काका हसून म्हणाले. "तीन वर्षं पडून आहे. सरकलंय." आणि त्यांनी पहिला स्क्रू फिरवायला घेतला. तो बराच फिरवावा लागला. एकवेळ वाटलं, हातात येतो की काय. पण शेवटी आकडा शून्यावर आला, आणि काकांनी मोठा श्वास सोडला. एकतीस वर्षं जे काम दुसऱ्यांना करताना बघितलं ते आज त्यांच्या हातून झालं होतं.

मग प्रोब बरणीत टांगला. एवढ्यात अध्यक्ष पाहणीला आले.

"पाण्याचं यंत्र हवेत टांगलंय," ते म्हणाले.

"ओल्या हवेत. पाणी हवेतून जेवढा ऑक्सिजन पोटभर घेईल, तेवढाच दाब इथे आहे. प्रोबला ते पोटभर प्यालेल्या पाण्यासारखंच वाटतं."

"म्हणजे यंत्राला फसवायचं."

"फसवायचं नाही. पटवायचं," काका म्हणाले, आणि दुसरा स्क्रू फिरवून सात पूर्णांक सात आणले. तोही स्क्रू बराच फिरला. मोजणीदारांनी सही केली, वेळ लिहिली, सेकंदही लिहिले.

अकराला निरीक्षकबाई आल्या. तिशीच्या, खांद्याला पिशवी, हातात नोंदवही, चेहऱ्यावर सगळ्या तळ्यांना कंटाळल्याचा भाव. त्यांनी प्रमाणपत्र वाचलं आणि उंचीवर क्षणभर थांबल्या. काका तळ्याच्या काठावर बसले. वर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत काकू पुढे वाकून बघत होत्या. काकांनी प्रोब पाण्यात सोडला, हळूहळू हलवला, आणि मीटरकडे बघितलं.

उणे सात.

काकांनी मीटर उलटं करून सुलटं केलं. उणे सातच. निरीक्षकबाईंनी वाकून बघितलं. अध्यक्षांनीही.

"उणे?" अध्यक्ष म्हणाले. "म्हणजे शून्याच्याही खाली? मॅडम, मी म्हणत होतो, तळं मेलंय. पण हे तर मेल्यानंतरही आणखी मरतंय!"

त्याच वेळी तळ्यातून एक मासा उडाला आणि पाण्यात पडला. त्याची नोंद कुणी घेतली नाही, कारण माशाला रकाना नव्हता.

"असं नसतं," निरीक्षकबाई सावकाश म्हणाल्या. "पण प्रमाणपत्र जोडलेलं आहे. जोडलं की मीटरला जे दिसेल ते मला लिहावं लागतं. चारच्या खाली आहे. लिहिल्यावर खोडता येत नाही. लिहू?"

"लिहा, लिहा," अध्यक्ष म्हणाले.

"थांबा!" काका म्हणाले. पण थांबून करायचं काय, हे त्यांनाही सुचेना. त्यांनी वर बघितलं. काकू हातानं विचारत होत्या, किती? बोटांनी उणे सात कसे दाखवायचे, हा प्रश्न जगात आजवर कुणापुढे आला असेल असं वाटत नाही. काकांनी एका हाताची पाच आणि दुसऱ्याची दोन बोटं वर केली. उण्यासाठी बोट उरलं होतं, पण ते कसं धरायचं कळेना.

वर काकूंनी टाळ्या वाजवल्या. सात म्हणजे चाराच्या वर. त्या खुर्चीतून अर्धवट उठल्या, आक्कांना काहीतरी सांगितलं, आणि पुन्हा टाळ्या वाजवल्या. तळ्याकडे बघून इतकं हसताना काकांनी त्यांना दोन वर्षांत बघितलं नव्हतं.

काकांनी वर केलेली बोटं मिटली. निरीक्षकबाईंना, "दहा मिनिटं द्या," म्हणून ते जिन्याकडे निघाले. काकूंना खरं सांगायचं होतं, आणि ते खिडकीतून ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.

"सात!" काकू दारातच म्हणाल्या. "मी आक्कांना म्हटलंच होतं."

"माझं पाणीच तसं होतं," आक्का समाधानानं म्हणाल्या.

काका थांबले. "कसं होतं?"

"अरे बाळ्या, मी आले तर पाणी आपलं उकळतंय, उकळतंय. ही बिचारी खिडकीत. मी म्हटलं, एवढं तापवलंय म्हणजे कुणाला तरी प्यायला हवं असणार. गॅस बंद केला आणि या पातेल्यातून त्या पातेल्यात, त्या पातेल्यातून या पातेल्यात, चांगलं हातभर वरून ओतून गार केलं. चाळीस वेळा तरी. दंड भरून आलेत बघ. मग झाकलं. तुझी चिठ्ठीसुद्धा परत चिकटवली."

काका खुर्चीवर बसले. वीस मिनिटं उकळून जेवढा ऑक्सिजन पाण्यातून घालवला होता, तेवढा आक्कांनी हातभर उंचीवरून, प्रेमानं, चाळीस वेळा पाण्यात परत घातला होता. आणि त्या भरलेल्या पाण्याला काकांनी स्क्रू फिरवून शून्य म्हटलं होतं. मीटर बिचारं म्हणत होतं, साडेसहा, साडेसहा. काकांनी त्याला खोटं बोलायला शिकवलं होतं.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"सात नाहीत," काका म्हणाले. "उणे सात आहेत." आणि त्यांनी सगळं सांगितलं. काकूंनी एकदा खिडकीकडे बघितलं, आणि ते काकांना बघवलं नाही.

खाली निरीक्षकबाईंनी नियम सांगितला. कॅलिब्रेशन रद्द करता येतं, पण ज्यानं केलं त्यानं स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून दिलं पाहिजे, काय चूक झाली आणि कोणाच्या चुकीमुळे. तो कागद कार्यालयात कायमचा राहतो. त्यांनी कागद पुढे केला.

"आक्कांचं नाव लिहा," मोजणीदार कानाशी लागले. "त्या काही सोसायटीच्या सभासद नाहीत. त्यांना काय फरक पडतो?"

काकांनी पेन हातात घेतलं. सहायकाच्या हलगर्जीपणामुळे, हे वाक्य एकशे बारा वेळा त्यांच्याबद्दल लिहिलं गेलं होतं, आणि त्यातल्या निदान शंभर वेळा हलगर्जीपणा लिहिणाऱ्याचाच होता. हे वाक्य आपण कधी लिहायचं नाही असं त्यांनी निवृत्त होताना ठरवलं होतं. त्यांना फार वाईट वाटलं. अध्यक्ष शेजारीच उभे होते आणि वाचायला मान पुढे काढून होते. मग काकांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं: "शून्याच्या पाण्यात ऑक्सिजन होता. आकडा साडेसहा आला तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मी पाण्याजवळ थांबलो नाही. चूक माझी." सही केली. आणि गंमत म्हणजे सही झाल्यावर त्यांना एकदम मोकळं वाटलं. स्वतःची चूक स्वतः लिहिण्यात एवढा रुबाब असेल याची त्यांना कल्पना नव्हती.

"दोनपर्यंत थांबते," निरीक्षकबाई म्हणाल्या. "पण साक्षीदार नवा लागेल. यांची सही रद्द प्रमाणपत्रावर आहे. आणि साक्षीदार कॅलिब्रेशनलाही हवा आणि तळ्यावर मोजतानाही."

मोजणीदार रुसल्यासारखे झाले. विमावाले, "मी कुठल्याही गोष्टीची हमी देत नाही, धंद्याचा नियम आहे," म्हणाले आणि दार लावून घेतलं. बाकीची इमारत कामावर गेलेली. अध्यक्षांनी आपण तटस्थ असल्याचं जाहीर केलं. आक्का तयार होत्या, पण ज्या पाण्यामुळे कॅलिब्रेशन रद्द झालं ते त्यांच्याच हातचं असल्यामुळे त्यांना बाद करण्यात आलं. "माझ्या हातचं पाणी आजवर कुणाला बाधलं नाही," त्या म्हणाल्या.

साक्षीदार शोधत सगळे वर काकांच्या घरी पोहोचले, आणि कुणी काही ठरवायच्या आत काकूंनी काकांकडे बघितलं. "पाणी ठेवा," त्या म्हणाल्या. "साक्षीला मी बसते."

पाणी पुन्हा उकळलं. या वेळी काका पातेल्यासमोर स्टूल टाकून बसले. आक्कांना दूर खुर्ची दिली होती आणि त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. ते मधूनमधून आपोआप उचलले जात होते. उकळतं पाणी बाटलीत हळूच, काठोकाठ भरलं, बूच लावलं, बाटली थंड पाण्याच्या बादलीत ठेवली. तास गेला. प्रोब आत घातला तेव्हा मीटर शून्याच्या खाली जाऊन उण्यात भटकत बसलं. काकांनी पहिला स्क्रू उलट फिरवला. तो फिरला, फिरला, आणि सकाळी जिथून निघाला होता जवळजवळ तिथेच येऊन थांबला. शून्य. मीटर सरकलेलं नव्हतंच. बरणीत टांगल्यावर सात पूर्णांक सातसाठी दुसरा स्क्रूही माघारी आला. काकूंनी चष्मा लावून दोन्ही आकडे वाचले आणि सही केली. निरीक्षकबाईंनी घड्याळ बघितलं. एक वाजून दहा मिनिटं.

"आता तळ्यावर," त्या म्हणाल्या, आणि मग काकूंकडे बघून थांबल्या.

जिन्याला चोपन्न पायऱ्या. काकू वरच्या पायरीवर उभ्या राहिल्या, एक हात कठड्यावर, एक हात काकांच्या खांद्यावर.

"नको वाटत असेल तर नको," काका म्हणाले. "तळं काय, बघू आपण. दुसरं काहीतरी करू."

"तुम्ही गप्प बसा आणि खाली बघा," काकू म्हणाल्या, "तुम्ही पडलात तर मीही पडेन."

एक पायरी उतरली. मग दुसरी. मोजणीदार खालून एकेक टप्प्याला उंची सांगत होते, "एकतीस फुटांपैकी चौदा झाले, सतरा राहिले," आणि खरं तर त्याचा आधार वाटत होता. आक्का मागून काकूंचा पदर धरून येत होत्या. पहिल्या मजल्यावर काकू बसल्या, घाम पुसला. अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, उगाच त्रास कशाला?" तेव्हा काकू म्हणाल्या, "तुमची दुसरी गाडी हलवा जरा. बाहेर जायची वाट अडलीय." अध्यक्ष गाडी हलवायला गेले. दोनला वीस मिनिटं असताना काकू तळ्याच्या काठच्या दगडावर टेकल्या.

काकांनी प्रोब पाण्यात सोडला. आकडा चढायला लागला. दोन. तीन पूर्णांक एक. तीन पूर्णांक नऊवर तो जरा रेंगाळला. मग चार ओलांडले, पाचावर गेला, आणि पाच पूर्णांक चारला थांबला. काकांनी प्रोब हलवून बघितला. पाच पूर्णांक चार.

"वाचा," निरीक्षकबाई काकूंना म्हणाल्या.

"पाच पूर्णांक चार," काकूंनी वाचलं. निरीक्षकबाईंनी लिहिलं, रेघ मारली, आणि सकाळपासून पहिल्यांदा हसल्या. काकूंची सही घेऊन त्या गेल्या. अध्यक्ष, हे तळं आपल्या इमारतीची शान आहे असं आपण कायम मानत आलो, असं काहीतरी बोलत गेले. मोजणीदार नळी गुंडाळायला गेले आणि आक्का वर, कुणासाठी तरी काहीतरी गार करायला.

काका आणि काकू उरले. काका प्रोब धुऊन पुसत होते. पाणकोंबडी पिल्लांना घेऊन गवतातून बाहेर आली. काकूंनी त्यांना इतक्या जवळून पहिल्यांदाच बघितलं.

"पिल्लं पाच नाहीत, सहा आहेत," त्या म्हणाल्या. "वरून एक दिसतच नव्हतं."

"हं."

"अहो, हे परत कधी मोजायचं असतं?"

"नियमानं सहा महिन्यांनी. मधे गरज नाही."

"उद्या मोजू," काकू म्हणाल्या.

"उद्या? अगं, एका दिवसात काय बदलणार? आणि मोजायचं म्हणजे दर वेळी पाणी उकळा, शून्य जुळवा, परत सगळं..."

"परवापण मोजू," काकू पिल्लांकडे बघत म्हणाल्या. "साक्षीदार लागतोच ना तळ्यावर?"

काकांनी तोंड उघडलं. रोज मोजण्याला शास्त्रीय आधार काहीही नाही, हे सांगण्यासाठी त्यांच्यापाशी निदान चार मुद्दे होते, आणि चारही बिनतोड होते. त्यांनी काकूंच्या गुडघ्यांकडे बघितलं, मग जिन्याच्या दाराकडे, मग काकूंच्या चेहऱ्याकडे.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.